मांडवा ते रत्नागिरी, आणि पावणेतीन सेंटिमीटर

पहिला दिवस : मांडवा ते मुरूड

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या सकाळच्या रो-रो बोटीत आम्ही तिघांनी सायकली चढवल्या, तेव्हा आमच्यापैकी लांब पल्ल्याचा खरा अनुभव फक्त भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना होता. त्यांनी दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केलेल्या आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि तीनशे वीस तासांत संपवावे लागतात, हे त्यांच्याकडून ऐकून ऐकून घरातल्या मुलांनाही पाठ झाले आहे. नवरा आपल्या सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलवर दर रविवारी येऊरला जाऊन येणारा, आणि मी त्याच्या मागून. माझी सायकल मात्र खरी माझी नव्हे. पुतण्या शिकायला बाहेर गेल्यावर त्याची वाकड्या हँडलची रोडबाइक वर्षभर जिन्याखाली पडून होती, ती मी झटकून घेतली. पुतण्या पावणेसहा फुटांचा आणि मी पाच फूट तीन इंचांची. सर्व्हिसिंगला नेली तेव्हा दुकानदाराने मला शेजारी उभे केले, सीटचे टोक काखेत धरून बोटे पेडलच्या आसापर्यंत पोचतात का ते पाहायला लावले, सीट थोडी खाली घेतली आणि ‘झाले’ म्हणून पाना ठेवून दिला. येऊरच्या दीड तासात या मापाने कधी तक्रार केली नव्हती, आणि दीड तासाच्या पुढे मी कधी गेले नव्हते.

मांडव्याहून अलिबागपर्यंतचे वीस किलोमीटर हसतखेळत झाले. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईकडे वळलो तेव्हा बसण्याच्या जागी काहीतरी जाणवू लागले होते, पण समोर समुद्र होता आणि काशीदला नारळपाणी मिळणार होते. काशीदच्या पुढच्या चढउतारांवर मी चढाला पेडलवर उभी राहत होते, ते चढासाठी नव्हे, हे मला कळत होते. सत्तरेक किलोमीटर करून मुरूडला पोचलो. भाऊजी म्हणाले, “वहिनी, पहिले दोन दिवस दुखतेच. तिसऱ्या दिवशी विसराल.” मीही मान डोलावली, कारण नेमके काय आणि कुठे दुखते आहे हे दिराला सांगायचे कसे, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

दुसरा दिवस : मुरूड ते हरिहरेश्वर

सकाळी पहिल्यांदा सीटवर टेकले तेव्हा तोंडातून आवाज निघाला. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. दहा मिनिटांत मात्र ते दुखणे बोथट झाले, आणि भाऊजींचे म्हणणे खरे ठरते की काय असे वाटू लागले. आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत लोक वरच्या बाकांवर जागा धरायला धावले. मी खाली सायकलींपाशी उभी राहिले. उभे राहणे ही इतकी सुखाची गोष्ट असू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हते.

दिघीच्या पुढे रस्त्याला खड्डे होते. टायर अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचे, आणि कोणीतरी सांगितले म्हणून त्यांत शंभर पीएसआय हवा भरलेली. प्रत्येक खड्डा थेट कण्यापर्यंत पोचत होता. दिवेआगरला भाऊजींनी माझ्या टायरची हवा सत्तरपर्यंत उतरवली, आणि एवढ्या एका गोष्टीने पुढचा रस्ता नवीन केल्यासारखा वाटला. पण आता धक्क्यांचे दुखणे बाजूला पडून दुसरेच पुढे आले होते: मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे शिवण येते तिथे, कातडी सोलवटत होती.

इथे एक कबुली द्यावी लागेल. पॅड असलेल्या सायकलच्या चड्डीखाली दुसरे काही घालायचे नसते. त्या पॅडचा सगळा उपयोगच तो अंगाला सरळ लागून राहण्यात असतो, मध्ये सुती कपडा आला की तो घामाने ओला होतो, त्याला घड्या पडतात आणि त्याची शिवण दिवसभर एकाच जागी कातडी घासत राहते. हे मला माहीत नव्हते. भाऊजींना माहीत होते, पण वहिनीला हे सांगणार कसे, म्हणून त्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी ते माझ्या नवऱ्याला सांगितले होते. नवरा हसला होता आणि विसरला होता. दोन भावांमधल्या या निरोपाची किंमत माझ्या कातडीने मोजली.

नवऱ्याकडे त्याचा स्वतःचा उपाय होता. त्याने सामानातून जेलचे जाड सीटकव्हर काढले आणि मोठ्या प्रेमाने माझ्या सीटवर चढवले. सॅडलला मराठीत जुना शब्द खोगीर, आणि निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती का म्हणतो ते मला त्या दुपारी समजले. हाताने दाबून पाहिले तर कव्हर लोण्यासारखे मऊ. पण बसल्यावर आपली बैठकीची दोन हाडे त्या मऊपणात बुडतात, मधला भाग फुगून वर येतो, आणि जे वजन हाडांनी पेलायचे ते हाडांमधल्या नाजूक भागावर येऊन पडते. शेखाडीजवळ, जिथे रस्ता अगदी समुद्राला खेटून जातो आणि लोक थांबून थांबून फोटो काढतात, तिथे मला खाली काहीच जाणवेनासे झाले. पाय झोपी गेल्यावर येतो तसा बधिरपणा, पण पायाला नव्हे. मी उतरले, पाच मिनिटे चालले, मुंग्या येऊन जाणीव परत आली, आणि कव्हर काढून नवऱ्याच्या हातात दिले. त्या वेळी तो मोबाइलवर माझ्या मागून समुद्राचे चित्रण करत होता. या चित्रणाचे पुढे काम पडले.

हरिहरेश्वरला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी माझे चालणे पाहूनच एका वाटीत घाण्याचे खोबरेल आणून दिले आणि एकही प्रश्न विचारला नाही. गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून, मग ते लावले. रात्री सगळे झोपल्यावर मी ओसरीवर जाऊन ॲलन कीने सीटचे नाक चांगले तीन बोटे खाली वळवले. बधिरपणा नाकामुळे येतो आहे, तर नाकच नको, असा माझा हिशेब होता.

तिसरा दिवस : हरिहरेश्वर ते दापोलीचे मुरूड

हिशेब अर्धाच बरोबर होता. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो, आणि केळशीपर्यंत बधिरपणा अजिबात आला नाही. पण उतरत्या सीटवरून मी सारखी पुढे घसरत होते, आणि घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी हँडल पुढे रेटत होते. आंजर्ल्याच्या अलीकडे उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर झाले. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते आणि याच दोन बोटांना जाणीव पुरवते. तळव्याच्या त्या भागावर तासन्‌तास वजन पडले की ती दाबली जाते. म्हणजे दुखणे मी बरे केले नव्हते, फक्त खालून वर हलवले होते. हर्णैच्या बंदरावर चहाचा पेला मी डाव्या हाताने धरला, तेव्हा भाऊजींनी विचारले, आणि मी पहिल्यांदा सगळे सांगून टाकले. महर्षी कर्व्यांच्या मुरुडात पोचेपर्यंत माझा संकोच संपला होता. सोलवटलेल्या कातडीपुढे संकोच फार काळ टिकत नाही.

संध्याकाळी अंगणात बसून भाऊजींनी जे समजावले, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर हा प्रवास वेगळा झाला असता, आणि हा लेखही झाला नसता. ‘सीट दुखते’ या दोन शब्दांत लोक तीन वेगवेगळी दुखणी कोंबतात. बैठकीच्या हाडांना होणारा ठणका हा सवयीचा भाग आहे; नव्या माणसाला तो होतो, आणि नेमाने सायकल चालवल्यास काही दिवसांत ओसरतो. ‘पहिले दोन दिवस दुखतेच’ हे वाक्य एवढ्या एकाच दुखण्याला लागू आहे. कातडी सोलवटणे ही सवयीने जाणारी गोष्ट नव्हे, उलट दिवसागणिक वाढणारी आहे, कारण तिथे काहीतरी घासते आहे: कपडा, सीटची कड, किंवा डुलणारे अंग. आणि बधिरपणा तर अंगावर काढायचाच नाही, कारण बैठकीच्या आतल्या बाजूने जाणारी प्युडेंडल नस आणि तिच्याबरोबरच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याची ती खूण असते. तो आला की उतरायचे, आणि विश्रांती घेऊनही गेला नाही तर डॉक्टरांकडे जायचे.

“पण वहिनींना तिन्ही एकदम कशी झाली?” असे म्हणून भाऊजींनी नवऱ्याचा मोबाइल मागितला. शेखाडीच्या त्या चित्रणात समुद्र थोडा आणि मी पुष्कळ होते. आवाज बंद करून आम्ही ते हळू गतीने पाहिले. उजवे पेडल खाली गेले की माझी कंबर उजवीकडे कलत होती, डावे गेले की डावीकडे, जशी भाजीवालीच्या तराजूची पारडी. पाय पेडलच्या तळापर्यंत पोचत नव्हता, म्हणून प्रत्येक फेऱ्यात अख्खी कंबर त्याला पोचवायला खाली जात होती. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर तासाला चार हजार दोनशे, आणि प्रत्येक फेऱ्यात सीटच्या दोन्ही कडांवर एकेकदा घासणे. भाऊजी दोन दिवस माझ्या मागून येत होते आणि त्यांना हे दिसत होते. वहिनींच्या कंबरेबद्दल बोलायचे कसे, म्हणून ते गप्प होते. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मग मापे घेतली. पायाचे आतले माप घ्यायला भिंतीला पाठ लावून, अनवाणी, मांड्यांमध्ये कठीण पुठ्ठ्याचे पुस्तक घट्ट वर दाबून धरायचे असते. पुस्तक नव्हते, म्हणून खानावळीचे हिशेबाचे रजिस्टर घेतले; टेप घरमालकिणीच्या शिलाई मशीनचा. माप नवऱ्याने घेतले आणि भाऊजी विहिरीकडे तोंड करून सूचना देत राहिले. आले चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी, की या मापाला ०.८८३ ने गुणायचे; येईल ते पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. माझे आले ६५.३. टेप लावून पाहिले तर प्रत्यक्षात सीट ६७ वर होती.

भाऊजींना दुसरीही पद्धत ठाऊक होती. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस यांनी मांडलेल्या या पद्धतीत आतल्या मापाच्या १०९ टक्के अंतर तळाशी असलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवतात. माझे ते ८०.७ आले, त्यातून क्रँकचे, म्हणजे पेडल ज्याला लावलेले असते त्या दांडीचे, सतरा सेंटिमीटर वजा करून ६३.७. दोन पद्धतींत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पाहून नवऱ्याने दोन्हींना मोडीत काढले. मी कागदावर हिशेब पुन्हा केला. भाऊजींचे आतले माप ब्याऐंशी. त्यांच्यासाठी दोन्ही पद्धती ७२.४ असेच सांगतात. गोम क्रँकमध्ये आहे. पहिल्या पद्धतीत क्रँकची लांबी धरलेलीच नाही. भाऊजींच्या मापाच्या माणसाला त्याने फरक पडत नाही, पण माझ्यासारख्या बुटक्या बाईला तोच सतरा सेंटिमीटरचा क्रँक चालवावा लागतो, आणि पहिली पद्धत तिला उगीच उंच बसवते. आम्ही दोन्हींच्या मधोमध ६४.५ धरले. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट केली. ती पाहायला भरलेली बाटली आडवी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहिले.

चौथा दिवस : मुरूड ते गुहागर

इतकी खाली सीट म्हणजे मुलांच्या सायकलवर बसल्यासारखे वाटत होते, आणि लाडघरच्या चढावर मांडीच्या पुढच्या स्नायूंनी पहिल्यांदाच काम केल्यासारखी कुरकुर केली. सीट फार खाली गेली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि फार वर राहिली तर मागच्या, असे भाऊजींनी बजावले होते, म्हणून मी दिवसभर गुडघ्यांकडे कान लावून होते. गुडघे गप्प होते. कंबर स्थिर होती. आणि अनपेक्षित म्हणजे हातही हलके झाले होते. सीटचा दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. तो एक सेंटिमीटर खाली गेला की सीट सुमारे तीन मिलिमीटर पुढे येते. पुतण्याच्या मापाच्या त्या लांब सायकलवर मला हँडल तेवढे जवळ आले, आणि सीटच्या तुलनेत वरही आले.

दाभोळच्या फेरीबोटीत मी चार दिवसांत प्रथमच बाकावर बसले. धोपाव्याला उतरून पुढचा चढ चढलो आणि दुपारी गुहागर गाठले.

तरी एक दुखणे उरलेच होते, हाडांचे, आणि ते बरोबर सीटच्या दोन्ही कडांवर येत होते. आम्ही जिथे उतरलो त्या घराच्या पडवीत गेल्या मोसमातल्या आंब्याच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यातला एक पुठ्ठा मागून घेतला, जांभ्याच्या पायरीवर ठेवला, आणि मी त्यावर किंचित पुढे वाकून मिनिटभर जोर देऊन बसले. उठल्यावर पुठ्ठ्याच्या पन्हळी दोन ठिकाणी दबलेल्या होत्या. त्यावरून चुलीतल्या कोळशाचा तुकडा आडवा फिरवला; सगळा पुठ्ठा काळा झाला आणि ते दोन खळगे तेवढे कोरे, बोराएवढे, स्पष्ट राहिले. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत एकशे अठ्ठावीस मिलिमीटर. पुतण्याच्या सीटची सगळ्यात रुंद जागा एकशे तीस. म्हणजे माझी हाडे सीटवर नव्हतीच, सीटच्या काठावर लटकत होती. या मापात साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मिळवून सीटची रुंदी धरतात, आणि बायकांची ही हाडे सरासरीने पुरुषांपेक्षा दूर असतात, ही साधी गोष्ट मुलाची सायकल आईकाकूंना देताना कोणाच्या डोक्यात येत नाही. जाड माणसाला रुंद सीट लागते हा आपला समज, पण मापायची ती हाडे, मांस नव्हे.

गुहागरात नवी सीट कुठून आणणार? तेव्हा नवऱ्याच्या सायकलकडे सगळ्यांचे लक्ष गेले. त्याची सीट कडक, साधी, एकशे पंचावन्न मिलिमीटर रुंद. बहुतेक सगळ्या सीटच्या खालच्या दोन सळया सात मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे एकाची सीट दुसऱ्याला बसते. नवऱ्याला पुठ्ठ्यावर बसवले. त्याचे आले एकशे दहा. “मग याला पुतण्याची चालेल,” असे भाऊजी म्हणाले, आणि दहा मिनिटांत अदलाबदल झाली. त्याची सीट माझीपेक्षा जाड निघाली, म्हणून उंची पुन्हा टेप लावून मोजावी लागली. दांड्यावरची जुनी खूण अशा वेळी उपयोगाची नसते.

पाचवा दिवस : गुहागर ते गणपतीपुळे

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, आणि तेच सांगायचे आहे. पालशेत, हेदवी, तवसाळ, मग फेरीबोटीने जयगड, आणि सड्यावरून पुळ्याचा उतार. हेदवीच्या दशभुज गणपतीपाशी थांबलो तेव्हा लक्षात आले, की गेला तासभर मी सीटचा विचारच केला नव्हता. सोलवटलेली जागा अर्थात एका दिवसात भरत नाही. दर थांब्याला खोबरेल, दर पंधरा मिनिटांनी थोडे पेडलवर उभे राहणे, आणि मुक्कामाला पोचताच ओली चड्डी बदलणे हे चालूच होते. तवसाळच्या धक्क्यावर उजवी टाच अजून किंचित ओढली जाते असे वाटले, म्हणून सीट अडीच मिलिमीटर आणखी खाली घेतली. एका वेळी एकच बदल, आणि तोही दोन-तीन मिलिमीटरचा, हा भाऊजींचा नियम. हरिहरेश्वरच्या रात्रीच्या तीन बोटांनंतर मला तो पटला होता.

नवरा दिवसभर बराच पुढे होता. एरवी तो इतका पुढे नसतो.

सहावा दिवस : गणपतीपुळे ते रत्नागिरी

आरेवारेच्या घाटमाथ्यावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात. तिथे थांबल्यावर नवरा पुढे का पळत होता ते उघड झाले: तो जवळजवळ उभ्यानेच सायकल चालवत होता. एकशे दहाचे माप खरे होते, पण ते पुढे वाकून बसणाऱ्याला लागू. सरळ हँडलच्या सायकलवर माणूस ताठ बसतो, जवळजवळ सगळे वजन बुडावर येते, आणि त्याला अधिक रुंद सीट लागते. भाऊजींनी हे आधी का सांगितले नाही, असे त्याने विचारले. “तू हसलास आणि विसरलास, म्हणून,” मी म्हणाले.

रत्नागिरी स्थानकावर सायकली सामानाच्या डब्यासाठी बांधायच्या होत्या, आणि बांधताना सीट खाली दाबतात. त्याआधी मी दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे, निळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा घेतला आणि त्यावर पेनाने लिहिले: ६४.२५. नवरा वरच्या बर्थवर पालथा झोपून होता. पनवेल गेल्यावर त्याने डोके खाली काढून विचारले, “माझी सीट मला परत कधी मिळणार?”

मी त्याला पुतण्याला फोन करायला सांगितले.